लांबी, सेंटीमीटरमध्ये

पोमरूनच्या मुखाशी समुद्र निळा नसतोच.
ॲमेझॉनने वाहून आणलेला गाळ
किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत येतो इथवर;
पाणी दिसतं चहात बिस्किट विरघळल्यासारखं.
पाहुणे विचारतात, समुद्र कुठाय?
आम्ही बोटाने दाखवतो,
ते तरीही शोधत राहतात.

अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती.
म्हणून हिचे डोळे बारीक,
पसरट हातोडी-डोक्याच्या दोन टोकांना
घाईत घातलेल्या टाक्यांएवढे.
बाकी सगळं डोकंच बघतं:
चिखलाखाली दडलेल्या जिवाच्या
स्नायूत उठलेली विजेची शिरशिरी
हिला वरूनच कळते,
जशी हरदतला कळते
इंजिनाच्या आवाजातली खोट.

पहाटे साडेचार. मी धक्क्यावर, हातात टेप.
जात, लिंग, वजन, लांबी.
हरदत टोपली उपडी करतो,
"ओडेसा, घे तुझं सोनं."

आणि खरंच,
अर्ध्या मीटरच्या मुश्या
पिवळ्या धमक,
बल्बखाली हळद लागल्यासारख्या.
पलीकडे त्रिनिदादमध्ये करी शार्क म्हणतात हिला.
हा रंग जन्माचा नाही. जन्मताना राखाडीच.
कोळंबी खाऊन खाऊन अंगावर चढतो,
पुढे शिंगाळ्याच्या अंड्यांवर टिकतो काही काळ,
वय झालं की उतरतो.
फॉर्मात रंगाला रकाना नाही.
मी समासात लिहिते.

हरदतचा थोरला, तुलाराम,
वर जंगलात गेलाय खऱ्या सोन्यामागे.
पंपाच्या नळीने डोंगर धुतो.
"पैसे पाठवत नाही पोरगा,
गढूळ पाणी तेवढं पाठवतो," हरदत म्हणतो.
हसतो.
मग हसत नाही.

मार्चमध्ये एक मोठी आली,
रंग उडालेली, पोट तटतटलेलं.
सुरी मीच चालवली.
दोन गर्भाशयं, नऊ पिल्लं,
डोक्याचे पंख मागे दुमडलेले,
दारातून नेताना मिटलेल्या छत्र्यांसारखे,
बाहेर पडताना आईला टोचू नये म्हणून.
एवढ्याला दहा महिने लागतात.
जाळ्याला एक भरती पुरते.

आणि याच डोक्याने घात होतो.
दुसरा मासा मागेपुढे होऊन निसटेल एखादवेळ;
हिचं डोकं बसतं खुंटीसारखं अडकून.
कासवांसाठी कोळंबीच्या मोठ्या जाळ्यांना दार केलंय,
चांगलं झालं.
काठावरच्या जाळ्यांना दार नाही.
हे मी बैठकीत बोलले.
खात्याचा माणूस म्हणाला, नोंद घेतो.
मागच्या बाकावरून मासे विकणारी युलालीबाई:
"मग आम्ही काय विकायचं? नोंद?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

काल हरदत उशिरा आला.
टोपलीत शिंगाळे, थोडी बंगामेरी.
"एक होती. तुझ्या हाताएवढी. कापून सोडली."
"काय कापलं?"
"जाळं."

त्याने भोक दाखवलं.
आता भोक काय, कशानेही पडतं,
वाहत आलेल्या ओंडक्याने, बुडालेल्या खुंटाने,
आणि हरदत थापा मारण्यात पोमरूनभर नावाजलेला.
पण नायलॉन फुकट मिळत नाही
आणि शिवायला अर्धा दिवस जातो.

मी भोकालाच टेप लावली.
आडवं, एकोणचाळीस.
जात लिहिली. लिंग: माहीत नाही. वजन: एक रेघ.
लांबीपाशी पेन थांबलं.

हरदत वाकून बघत होता माझ्या खांद्यावरून,
अंगाला डिझेलचा, चिखलाचा वास.
"लिही की," म्हणाला,
"अजून वाढतेय."